मस्तिष्कस्तंभ पाठ करू नका, काढायला शिका

प्रथम वर्ष एमबीबीएसला शरीररचनाशास्त्र शिकवताना मला दरवर्षी एकच दृश्य दिसते. हाताचे स्नायू, हृदयाचे कप्पे, अगदी लहान मेंदूसुद्धा ज्यांनी नीट समजून घेतलेला असतो, ती मुले मस्तिष्कस्तंभापाशी (ब्रेनस्टेम), म्हणजे मोठ्या मेंदूला कण्यातल्या मेरुरज्जूशी जोडणाऱ्या देठापाशी, आली की समजून घेण्याचा नाद सोडतात आणि थेट पाठांतराला बसतात. परळ, भायखळा, शीव इथल्या महाविद्यालयांत दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून आलेली मुलेही बरीच असतात, आणि त्यांच्यावर रचनेचे ओझे आणि लॅटिन नावांचे ओझे अशी दोन ओझी एकदम पडतात. हे टिपण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. वर्गात आणि वॉर्डात ऐकू येणारी नावे मी तशीच ठेवली आहेत, कारण परीक्षेतही तीच लागतात. समजावणे मात्र मराठीत आहे.

सुरुवात कागदावर करू नका. विच्छेदनगृहात मस्तिष्कस्तंभाचा नमुना मागून घ्या, हातमोजे घाला आणि तो हातात धरा. लांबी जेमतेम सात ते आठ सेंटिमीटर भरते. खालचा मेडुला सुमारे तीन, मधला पॉन्स सुमारे अडीच आणि वरचा मिडब्रेन सुमारे दोन सेंटिमीटर. मोठ्या मेंदूतून हातापायांकडे जाणारी प्रत्येक आज्ञा आणि अंगावरून मोठ्या मेंदूकडे येणारी प्रत्येक संवेदना एवढ्याशा जागेतून जाते, आणि बारा जोड्या कर्पर चेतांपैकी (क्रेनिअल नर्व्हज) दहा जोड्यांची केंद्रेही याच परिसरात आहेत. पहिली आणि दुसरी चेता मोठ्या मेंदूच्या बाजूची, त्यामुळे त्या दोघींना इथे बाजूला ठेवता येते. अकरावीचा बराचसा भाग मानेतल्या मेरुरज्जूतून उगवून वर येतो, एवढे ध्यानात असू द्या.

नमुना उलटसुलट फिरवून पाहा. पुढून पाहिल्यावर मेडुलावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दोन उभे उंचवटे दिसतात, ते पिरॅमिड. त्यांच्या बाहेरच्या अंगाला बोराच्या बीसारखे दोन अंडाकृती फुगवटे दिसतात, ते ऑलिव्ह. पिरॅमिड आणि ऑलिव्ह यांच्यामधल्या खाचेतून बारावी चेता बाहेर येते, तर ऑलिव्हच्या मागच्या खाचेतून नववी आणि दहावी. पॉन्स आणि मेडुला यांच्या सांध्यावर आतून बाहेर सहावी, सातवी, आठवी अशी रांग लागते. पॉन्सच्या कुशीतून एकटी, जाडजूड पाचवी निघते. मिडब्रेनच्या दोन पायांमधल्या खळग्यातून तिसरी येते. आता नमुना पाठमोरा करा. मागच्या बाजूला, मिडब्रेनवरच्या चार टेकड्यांपैकी खालच्या दोन टेकड्यांच्या लगेच खाली दोऱ्यासारखी बारीक चौथी दिसेल. मागून निघणारी ही एकच चेता आहे, आणि निष्काळजीपणे हाताळलेल्या नमुन्यावर ती बहुधा तुटलेली असते. सापडली नाही तर आपलेच चुकले असे समजू नका, दुसरा नमुना मागा.

पॉन्सचे पूर्ण नाव पॉन्स व्हरोलाय असे पडले ते सोळाव्या शतकातल्या कोस्तान्झो वारोलिओ या इटालियन शरीररचनाकारावरून. मेंदू वरून कापत जाण्याऐवजी तो उलटा करून तळाकडून पाहण्याची पद्धत त्याने घेतली, आणि म्हणून हा भाग त्याला नीट दिसला. बाहेरचा नकाशा हातात येण्याआधी आत शिरू नये, हे मी आग्रहाने सांगते, कारण आतल्या बहुतेक जागा बाहेरच्या या खाचांवरूनच ओळखता येतात.

आता आतली मांडणी. त्यासाठी एकच नियम पुरतो, आणि तो गर्भावस्थेत ठरलेला असतो. मेरुरज्जू ही एक नळी आहे. तिच्या पुढच्या अर्ध्या भागात हालचालीच्या पेशी असतात आणि मागच्या अर्ध्या भागात संवेदनेच्या. वर मेडुलात आणि पॉन्समध्ये ही नळी मागच्या बाजूने उघडते आणि तिथे चौथी पोकळी, म्हणजे फोर्थ व्हेंट्रिकल, तयार होते. लादीपाव हातात घ्या. वडा भरण्यासाठी त्याला एका बाजूने चीर देतो, पण दुसरी बाजू जोडलेलीच ठेवतो. चीर वर येईल असा तो धरा आणि दोन्ही बाजूंना उघडून सपाट करा. चिरेच्या कडा, म्हणजे जो भाग आधी मागे होता, तो आता दोन्ही अंगांना बाहेर गेला, आणि जोडलेली बाजू मधोमध राहिली. मस्तिष्कस्तंभात हेच घडते: संवेदनेची केंद्रे बाहेर सरकतात, हालचालीची केंद्रे मध्यरेषेजवळ राहतात, आणि दोहोंमध्ये सल्कस लिमिटन्स नावाची एक बारीक खाच उरते.

या एका नियमातून केंद्रांच्या उभ्या रांगा आपोआप निघतात. मध्यरेषेला चिकटून सर्वांत आत डोळ्यांच्या आणि जिभेच्या स्नायूंची केंद्रे येतात, म्हणजे तिसरी, चौथी, सहावी आणि बारावी. त्यांच्या बाहेर, खाचेच्या अलीकडे, लाळग्रंथी, बाहुली आणि आतडी यांना आज्ञा देणारी स्वायत्त केंद्रे. खाच ओलांडली की आतल्या अवयवांची आणि चवीची संवेदना घेणारा न्यूक्लिअस सॉलिटेरिअस, त्याच्या बाहेर चेहऱ्याच्या संवेदनेचे पाचव्या चेतेचे लांबलचक केंद्र आणि सर्वांत बाहेरच्या कोपऱ्यात आठवीची तोल आणि ऐकण्याची केंद्रे. एक रांग मात्र नियमाबाहेर दिसते: चावणे, चेहरा हलवणे, गिळणे आणि बोलणे यांच्या स्नायूंची केंद्रे, म्हणजे पाचवी आणि सातवीचे मोटर केंद्र आणि नववी-दहावीचा न्यूक्लिअस ॲम्बिग्युअस. हीसुद्धा हालचालीचीच केंद्रे आहेत, पण गर्भावस्थेत ती पोकळीजवळची जागा सोडून पुढे आणि बाहेर, खोल उतरलेली असतात. हे स्थलांतर लक्षात ठेवले की पुढे सातवीच्या विचित्र वळणाचे कोडे निम्मे सुटते.

आता कागद. कोरे ए-फोर कागद आणि चार रंगांच्या पेन्सिली पुरेत: हालचालीसाठी लाल, संवेदनेसाठी निळी, स्वायत्त केंद्रांसाठी हिरवी आणि लांब मार्गांसाठी काळी. अभ्यासक्रमात सात आडवे छेद अपेक्षित आहेत: मेडुलाचे तीन, पॉन्सचे दोन, मिडब्रेनचे दोन. ही सात वेगवेगळी चित्रे आहेत असे मानू नका. एकच चित्र सात ठिकाणी थोडे थोडे बदलते. प्रत्येक छेदात पुढून मागे तीन थर काढा: पुढे उतरत्या तंतूंचा पाया, मध्ये टेगमेंटम आणि त्याच्यामागे पोकळी. चेतांची केंद्रे कायम मधल्या थरात असतात. पाया तेवढा रूप बदलतो: मेडुलात तो पिरॅमिड, पॉन्समध्ये आडव्या तंतूंनी पिंजून काढलेला जाड भाग, मिडब्रेनमध्ये दोन भक्कम पाय, म्हणजे क्रस सेरेब्री. पोकळीच्या मागचे खरे छप्पर फक्त मिडब्रेनला आहे, चार टेकड्यांचे. खाली ते काम लहान मेंदू आणि त्याचे पातळ पडदे करतात.

पोकळीबद्दल थोडे अधिक सांगते, कारण माझ्या तोंडी परीक्षेत मी तिथेच अडले होते. परीक्षकांनी छेदाचे छायाचित्र उलटे धरले आणि पिरॅमिड दाखवायला सांगितले. सातही चित्रे मला तोंडपाठ होती, आणि तरीही मला पिरॅमिड सापडला नाही, कारण माझ्या डोक्यात कागदावरची आकृती होती, रचना नव्हती. पुढे वॉर्डात गेल्यावर कळले की उलटे चित्र ही केवळ परीक्षकांची युक्ती नाही. शरीररचनेच्या पुस्तकांत मस्तिष्कस्तंभाची मागची बाजू बहुधा वर काढतात. एमआरआयच्या आडव्या छेदात मात्र पुढची बाजू वर असते. म्हणून कोणतेही चित्र समोर आले की आधी पोकळी शोधा. तिच्या ज्या अंगाला जास्त जाड भाग आहे, ती पुढची बाजू. मग पोकळीचा आकार पाहा. बारीक गोल नळी आणि तिच्या मागे ग्रासिलिस आणि क्युनिएटस यांचे उंचवटे असतील, तर तुम्ही मेडुलाच्या खालच्या, बंद भागात आहात. बारीक नळीभोवती राखाडी भागाचे जाड कडे असेल, तर मिडब्रेन. पोकळी पसरट उघडलेली असेल, तर मेडुलाचा वरचा भाग किंवा पॉन्स. त्यात चुरगळलेल्या पिशवीसारखे दातेरी ऑलिव्हचे केंद्र दिसले तर मेडुला, आणि पुढे आडव्या तंतूंचे पट्टे दिसले तर पॉन्स. मिडब्रेनची आणखी एक खूण ताज्या नमुन्यात नुसत्या डोळ्यांनी दिसते: पायांच्या मागे काळपट पट्टा, सब्स्टँशिया नायग्रा. पार्किन्सनच्या रुग्णाच्या नमुन्यात हाच पट्टा फिका पडलेला असतो. एकदा दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहायला मिळाले, तर तो फरक विसरता येत नाही.

सातही रिकामे साचे काढून झाले की त्यांतून चार लांब मार्ग न्या, आणि हे काम एका बैठकीत, खालून वर असे करा. पहिला, हालचालीचा कॉर्टिकोस्पायनल मार्ग, कायम पायात असतो. मेडुलाच्या अगदी तळाशी त्याचे सुमारे 80 ते 90 टक्के तंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातात. दुसरा, स्पर्श आणि कंपनाचा मीडिअल लेम्निस्कस. ग्रासिलिस आणि क्युनिएटस केंद्रांतून निघालेले तंतू कमानीसारखे पुढे वळून, पिरॅमिडच्या ओलांडणीच्या किंचित वर, बाजू बदलतात आणि मध्यरेषेला लागून वर चढतात. मेडुलात हा मार्ग पिरॅमिडवर पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसासारखा असतो: पायांचे तंतू पुढे, हातांचे मागे. पॉन्समध्ये तोच माणूस आडवा होतो, हात आतल्या अंगाला आणि पाय बाहेरच्या. तिसरा, वेदना आणि तापमानाचा स्पायनोथॅलॅमिक मार्ग, मेरुरज्जूतच बाजू बदलून आलेला असतो आणि सर्व सात चित्रांत बाहेरच्या कडेला राहतो. चौथा, मीडिअल लाँजिट्युडिनल फॅसिक्युलस, आपण त्याला एमएलएफ म्हणू, पोकळीच्या लगेच पुढे, मध्यरेषेला अगदी चिकटून असतो. स्पायनोथॅलॅमिक मार्गाच्या बाहेरच्या कडेनेच सिंपथेटिक, म्हणजे स्वायत्त चेतासंस्थेचे, तंतूही खाली उतरतात. पाचव्या काळ्या रेषेने तेही दाखवा.

आता केंद्रे भरा. मेडुलाच्या वरच्या छेदात पोकळीच्या तळाशी आतून बाहेर बारावीचे केंद्र, दहावीचे स्वायत्त केंद्र, सॉलिटेरिअस आणि व्हेस्टिब्युलर केंद्रे अशी रांग लागते, आणि खोलात ॲम्बिग्युअस. पाव उघडल्यावर जे दिसते ते सर्वांत स्वच्छ याच छेदात दिसते, म्हणून मी सात चित्रांपैकी हे चित्र आधी पक्के करून घेते. बाकीची सहा यावरूनच बनतात.

दोन जागा मात्र सावकाश काढाव्या लागतात. पहिली पॉन्सच्या खालच्या छेदात. सातवीचे मोटर केंद्र पुढे आणि बाहेर उतरलेले आहे, हे आपण पाहिले. त्यातून निघालेले तंतू सरळ बाहेर पडत नाहीत. ते आधी मागे आणि आत, पोकळीकडे जातात, सहाव्या चेतेच्या केंद्राला आतल्या बाजूने वळसा घालतात आणि मग पुढे-बाहेर निघतात. या वळशामुळे पोकळीच्या तळावर जो उंचवटा येतो, त्याला फेशिअल कॉलिक्युलस म्हणतात, आणि त्याच्या खाली केंद्र मात्र सहावीचे असते. नावाने फसू नका. त्या जागी छोटी जखम झाली तर त्याच बाजूचा संपूर्ण चेहरा लुळा पडतो आणि रुग्णाला दोन्ही डोळे त्या बाजूला वळवता येत नाहीत. दोन्ही डोळे कसे, तर सहावीच्या केंद्रात फक्त त्या बाजूच्या डोळ्याच्या पेशी नसतात. तिथून दुसऱ्या पेशींचे तंतू मध्यरेषा ओलांडून एमएलएफमधून विरुद्ध बाजूच्या तिसरीच्या केंद्राकडे जातात आणि दुसऱ्या डोळ्यालाही त्याच दिशेने वळायला सांगतात. म्हणून केंद्र गेले तर दोन्ही डोळ्यांची नजर अडते, बाहेर पडल्यावर चेता दुखावली तर एकच डोळा अडतो, आणि एमएलएफ तुटला तर बाहेर वळणारा डोळा वळतो पण आत वळणारा थबकतो. या तिन्ही गोष्टी एकाच चित्रावर तीन फुल्या मारून समजावून घ्या.

दुसरी जागा चौथीची. खालच्या टेकड्यांच्या पातळीवर, एमएलएफच्या मागे, तिचे छोटे केंद्र आहे. तिचे तंतू पोकळीला वळसा घालून मागे जातात, छपराच्या पडद्यात एकमेकांना ओलांडतात आणि मागून बाहेर येतात. उजव्या केंद्राची चेता डाव्या डोळ्याला जाते. ती ज्या स्नायूला चालवते तो आत वळलेला डोळा खाली नेतो, म्हणून तो अशक्त झाला की वाचताना आणि जिना उतरताना त्रास होतो. रेल्वे स्थानकाच्या पुलावरून उतरताना पायऱ्या दोन दोन दिसतात, अशी तक्रार कोणी सांगितली तर हे चित्र डोळ्यांपुढे यायला हवे.

पाचवीचे संवेदना केंद्र मिडब्रेनपासून मानेतल्या मेरुरज्जूपर्यंत पसरलेले आहे, त्यामुळे सातही चित्रांत तिचा काही ना काही निळा ठिपका हवा. चेहऱ्याची वेदना आणि तापमान सांगणारे तंतू पॉन्समध्ये आत शिरून खाली उतरतात, हे विशेष लक्षात घ्या. त्याचा उपयोग लगेच आहे.

चित्रे पूर्ण झाल्यावर ती खरी उतरली आहेत की नाही हे रुग्ण सांगतो. मेडुलाच्या वरच्या छेदाची बाहेरची एक बाजू पेन्सिलीने गोल करा आणि त्या गोलात काय काय सापडले ते वाचा. पाचवीचे उतरते केंद्र, म्हणून त्याच बाजूच्या चेहऱ्याची वेदना आणि तापमान जाते. स्पायनोथॅलॅमिक मार्ग, म्हणून विरुद्ध बाजूच्या अंगाची वेदना आणि तापमान जाते. ॲम्बिग्युअस, म्हणून आवाज घोगरा आणि पाणी पिताना ठसका. व्हेस्टिब्युलर केंद्र, म्हणून गरगर आणि उलट्या. लहान मेंदूकडे जाणारा इन्फिरिअर सेरेबेलर पेडंकल, म्हणून त्याच बाजूला तोल जाणे. सिंपथेटिक तंतू, म्हणून त्याच बाजूची पापणी थोडी खाली आणि बाहुली लहान. पिरॅमिड गोलाबाहेर राहिला, म्हणून हातापायांतली ताकद शाबूत. आडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी 1895 मध्ये वर्णन केलेला सिंड्रोम तुम्ही एकही ओळ पाठ न करता लिहिला. अशा रुग्णाच्या घरचे अनेकदा 'नुसती चक्कर आणि ॲसिडिटी' म्हणून त्याला घेऊन येतात, कारण पक्षाघात म्हणजे हातपाय लुळे पडणे अशीच आपल्याकडे समजूत आहे. चक्कर सांगणाऱ्या माणसाला एक घोट पाणी गिळायला त्रास होतो का, हे ज्याला विचारावेसे वाटते, त्याने हा छेद शिकला असे मी मानते.

गोल मध्यरेषेकडे सरकवला तर उत्तर बदलते: बारावी, पिरॅमिड आणि लेम्निस्कस सापडतात, म्हणून जीभ दुखावलेल्या बाजूला वळते आणि विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. तोच गोल मिडब्रेनच्या पायावर ठेवला तर त्या बाजूची तिसरी जाते आणि विरुद्ध अंग लुळे पडते. चेता एका बाजूची, अंग दुसऱ्या बाजूचे, अशी आडवी जोडी दिसली की जागा मस्तिष्कस्तंभातच आहे असे समजून शोधायला लागा. लांब मार्ग पातळी सांगत नाहीत, फक्त आत की बाहेर एवढे सांगतात; पातळी सांगते ती चेता.

शेवटची उजळणी अतिदक्षता विभागातल्या एका गंभीर तपासणीवर करा. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात मृत्यूच्या व्याख्येत मस्तिष्कस्तंभ-मृत्यूचाही समावेश आहे, आणि मुंबईत अशा प्रत्येक अवयवदानाचा समन्वय झेडटीसीसी ही संस्था करते. चार डॉक्टरांचे मंडळ ज्या चाचण्या करते, त्या तुमच्या सात चित्रांवरून वरून खाली उतरत जातात. डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुली आकसते का ते पाहणे: दुसरी आत, तिसरी बाहेर, म्हणजे मिडब्रेन. बुबुळाला कापसाचा स्पर्श करून पापणी मिटते का ते पाहणे: पाचवी आत, सातवी बाहेर, म्हणजे पॉन्स. कानात बर्फाचे पाणी सोडून डोळे हलतात का ते पाहणे: आठवी आत, सहावी आणि तिसरी बाहेर, आणि मधला दुवा एमएलएफ. घशाला आणि श्वासनलिकेला स्पर्श करून उबळ किंवा खोकला येतो का ते पाहणे: नववी आणि दहावी, म्हणजे मेडुला. सर्वांत शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून, ऑक्सिजन चालू ठेवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि छाती एकदा तरी हलते का हे पाहत थांबतात. ही परीक्षा मेडुलातल्या श्वसनकेंद्राची. किमान सहा तासांनी सगळ्या चाचण्या पुन्हा करतात. प्रत्येक चाचणीशेजारी आत जाणारी चेता निळ्या आणि बाहेर येणारी लाल पेन्सिलीने तुमच्या चित्रांवर जोडा, आणि जिथे रेष कुठून न्यावी हे सुचणार नाही, तो छेद उद्या कोऱ्या कागदावर पुन्हा काढा.